चाकं ठरवायचा रविवार

टिंग, टिंग, टिंग, ठक.

नॉर्मन ब्रॅडवेल थांबला, पान्याची दांडी पुन्हा त्याच स्पोकवर हळूच आपटली, कान आणखी जवळ नेला आणि म्हणाला, "हा गेला."

पुढचे चार नीट वाजले. पाचवा परत ठक. "हाही गेला. आणि हा शेजारचा नुसतं उसनं अवसान आणून उभा आहे."

"काका, तुम्ही चाक तपासताय की हॉस्पिटलात फेरी मारताय?" पिपने विचारलं. वडिलांचा जुना निळा डगला घालून, बाह्या दोनदा दुमडून ती उलट्या बादलीवर बसली होती. पंचावन्न वर्षांची बाई, गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका, पण या गॅरेजात तिने खुर्ची कधी घेतली नाही. लहानपणापासून तिची जागा ती बादलीच.

"गप बस. ऐकू दे मला."

पिपचा बाप डेझमंड ब्रॅडवेल जाऊन पाच महिने झाले होते. त्याची फिकट निळी ट्रायम्फ मोटार, त्रेसष्ट सालची, चार ठोकळ्यांवर आपल्या तारांच्या चाकांशिवाय उभी होती. मार्चमधला मदरिंग संडे, म्हणजे आईचा दिवस, असल्याने आत स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने, म्युरिएलने सकाळपासून कोकराची तंगडी भाजायला टाकली होती आणि तो वास अंगण ओलांडून इथवर येत होता. जूनच्या पहिल्या शनिवारी जुन्या मोटारींच्या क्लबच्या गाड्या केनिलवर्थहून निघणार होत्या. एकतीस वर्षं डेझमंडची गाडी सगळ्यांच्या पुढे असायची. यंदाची फेरी त्याच्या नावाने होती, तेव्हा गाडी पुढे असणारच. गाडीत सीट दोनच आणि म्युरिएलने कधीचं जाहीर करून टाकलं होतं की त्या दोन सीटवर माझी दोन पोरं बसतील.

पिप बसणारच होती. प्रश्न होता तो तिच्या भावाचा, क्लाइव्हचा.

"बरं, निकाल ऐक," नॉर्मनने चाक खाली ठेवलं. "स्पोक बदलता येतील, त्याचं काही नाही. पण हे बघ, चाकाच्या पोटातले दाते. बोट फिरव. जाणवतं? झिजून पार बोथट झालेत. गाडी सुटताना टक करून आवाज यायचा की नाही?"

"बाबा म्हणायचे, तिची सवय आहे."

"सवय कसली, आजारपण होतं! स्टेपनीसकट पाचही चाकं नवी घ्यावी लागणार. उद्या सकाळी फोन केला तर मे संपता संपता हातात पडतील." त्याने खिशातून घडी घातलेला ऑर्डरचा कागद काढला. "आता सांग. रंगवलेली की चकचकीत क्रोमची?"

"काका! या घरात हे विचारायचं असतं का?"

"या घरात क्लाइव्हही जेवायला येतोय, म्हणून विचारतो."

पिपने तोंड वाकडं केलं. क्लाइव्हने गुरुवारी आईला फोनवर सांगितलं होतं. चाकं क्रोमची असतील तर बसतो, नाहीतर पिपने शेजारी कुत्रा बसवावा. छप्पन्न पार केलेला माणूस, आणि हट्ट बघा! पण पिपला हेही ठाऊक होतं की हा हट्ट आजचा नाही. एकोणनव्वद साली क्लाइव्हने स्वतःच्या कमाईची पहिली गाडी आणली. एमजी, लाल, आणि तिला चकाकती क्रोमची तारांची चाकं. बापाला दाखवायला म्हणून थेट घरी आला. डेझमंड दारात आला, गाडीकडे बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ते नाताळचं झाड माझ्या दारात उभं करू नकोस." क्लाइव्ह गेला तो तीन वर्षं घरी आला नाही. पुढे येणं-जाणं सुरू झालं, नाताळला भेटी झाल्या, नातवंडं खेळली, पण गाड्यांचा विषय बापलेकांत पुन्हा निघाला नाही. क्लबच्या फेरीला तर क्लाइव्हने पाऊल म्हणून टाकलं नाही.

"मला एक कळत नाही," नॉर्मन बोलत होता. त्याला बोलायला लागायचंच. "चाळीस वर्षं मी कॉव्हेंट्रीत लोकांची तारांची चाकं बांधली. इटलीहून पाठवायचे लोक! आणि सख्ख्या भावाने एकदासुद्धा आपलं चाक माझ्या हातात दिलं नाही. आज तो नाही म्हणून मी हात लावतोय."

"ते म्हणायचे, नॉर्मन कारागीर चांगला, पण तोंडाला कुलूप नाही."

"म्हणू दे. स्वतः काय करायचा तो?"

"स्वतःच रंगवायचे. दरवर्षी मार्चात. दोन दिवस गॅरेज आतून बंद. खरवडायचे, मग नवा रुपेरी रंग. मला फक्त रंगाचा डबा ढवळायला बोलवायचे, तेही खरवडणं संपल्यावर."

नॉर्मनचा हात थांबला. "दरवर्षी?"

"दरवर्षी. शिस्त होती त्यांची."

"शिस्त कसली, पोरी? नीट बसवलेला रंग सात-आठ वर्षं ढिम्म हलत नाही. दरवर्षी कोण रंगवतो?" त्याने खिशातून छोटा चाकू काढला आणि मेलेल्या स्पोकच्या मुळाशी पातं टेकवलं. रंगाचा पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटला, उकडलेल्या अंड्याच्या सालीसारखा. नॉर्मनने डोळे बारीक केले. "तो दिवा इकडे धर बघू."

पिपने दिवा धरला. खाली लोखंड नव्हतं, गंजही नव्हता. खाली लख्ख चकाकत होतं.

नॉर्मनने अंगठ्याने ते पुसलं, पुन्हा पुसलं.

"क्रोम आहे," शेवटी तो म्हणाला. "अगं, क्रोम आहे हे! क्रोमवर रंग धरत नाही. आधी पॉलिश कागदाने घासून घासून खरबरीत करावं लागतं, तेव्हा कुठे धरतो. कुणीतरी तसाच फासलाय. मग काय, दर हिवाळ्यात निघणार, दर मार्चात पुन्हा लावा!"

"कुणी?"

"ते मला काय माहीत? ही गाडी घेतली तेव्हा मी ऑस्ट्रेलियात होतो. शहात्तर साली परत आलो तेव्हा चाकं रुपेरी होती आणि डेझमंड जो भेटेल त्याला सांगत होता, क्रोम म्हणजे नुसता दिखाऊपणा."

बाबांच्या हाताखाली ती वाढली होती. ब्रेकचं तेल कधी बदलायचं इथपासून माणसाची पारख कशी करायची इथपर्यंत सगळं तिने याच बादलीवर बसून ऐकलं होतं, आणि त्या सगळ्याच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं की भल्या माणसाच्या गाडीची चाकं रंगवलेली असतात. क्लबात लोक क्रोमची बाजू घ्यायला लागले की ती बापाच्या आवाजात उत्तरं द्यायची. आणि बाबा इतकी वर्षं क्रोमच्या चाकांवर बसून हे सांगत होते?

"काका," ती हलकेच म्हणाली, "क्लाइव्हला यातलं काही बोलायचं नाही."

"का बरं?"

"तो नाचेल. बाबांच्या नावाने नाचेल. मला नाही बघवणार. शपथ घ्या."

बाहेर गाडीचं दार वाजलं. नॉर्मनने शपथ घेतली खरी, पण चेहरा असा केला की जणू उकळतं दूध झाकून ठेवलंय.

*

क्लाइव्हने आईला पिवळ्या डॅफोडिल्सचा गुच्छ दिला, गालाला गाल लावला आणि मनाशी ठरवलं की आज चिडायचं नाही. हे तो दर वेळी ठरवायचा. त्याची बायको मार्गो मागून केकचा डबा घेऊन आली.

"बघितलीस चाकं?" त्याने कोट काढता काढता पिपला विचारलं.

"बघितली. नवीच घ्यावी लागतील," पिप म्हणाली, आणि उगाच टेबलावरचे काटे सरळ करत बसली.

तंगडी कापायचं काम डेझमंडचं असायचं. म्युरिएलने सुरी नॉर्मनपुढे ठेवली. क्लाइव्हपुढे नाही, हे क्लाइव्हने पाहिलं आणि स्वतःला म्हणाला, चिडायचं नाही.

बटाटे फिरले, मटार फिरले, पुदिन्याचा सॉस फिरला. मग मार्गोनेच सुरुवात केली. "तर मग काय ठरलं? मी ऐकलंय की इथे आज मतदान आहे."

"मतदान कसलं," क्लाइव्ह म्हणाला. "साधा हिशेबी विचार करा. क्रोमचं चाक ओल्या फडक्याने पुसलं की झालं. रंगवलेल्यावर ब्रेकची काळी भुकटी चिकटून बसते, दात घासायचा ब्रश घेऊन एकेक स्पोक घासावा लागतो. बरोबर ना, काका?"

"पुसायला सोपं, हे खरं," नॉर्मनने बटाटा तोंडात टाकला, म्हणजे जास्त बोलावं लागू नये.

"पण तडा गेला तर रंगात आधी दिसतो," पिप म्हणाली. "क्रोमखाली आतल्या आत गंजतं आणि वरून काही कळत नाही. आणि स्वस्तातल्या क्रोमचे स्पोक ठिसूळ होतात. हेही बरोबर ना, काका?"

"क्रोमचं पाणी चढवल्यावर भट्टीत नीट तापवले नाहीत तर होतात ठिसूळ. तेही खरं."

"काका, तुम्ही कुठल्या बाजूचे?"

"मी कोकराच्या बाजूचा."

मार्गो हसली आणि मग तिने नवऱ्याचा घात केला. "खरं सांगू का? राग मानू नकोस, क्लाइव्ह, पण त्या फिकट निळ्या रंगाला रुपेरीच शोभतं. क्रोम म्हणजे आजीबाईने सकाळच्या चर्चला हिऱ्यांच्या कुड्या घालून जाण्यासारखं."

"अगं, तू माझी बायको ना?"

"बायको आहे, आंधळी नाही."

"झालं! म्हणजे दोन विरुद्ध एक," क्लाइव्ह हसत म्हणाला, पण ते हसू गालापर्यंतच आलं. "आई, तुझं काय?"

"ग्रेव्ही घे," म्युरिएल म्हणाली. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पाठ अजून ताठ. सकाळपासून तिने चाकांवर एक शब्द काढला नव्हता.

"मला ग्रेव्ही नकोय, आई. मला एवढंच सांगा की या घरात माझ्या आवडीची एक वस्तू असली तर कुणाचं काय जातं? मी क्रोमसाठी भांडत नाहीये, क्रोम गेलं खड्ड्यात! मी तेवीस वर्षांचा होतो. ती गाडी मी त्यांना दाखवायला आणली होती. बाकी कुणाला नाही, त्यांना. पहिली नजर त्यांची पडावी म्हणून पेट्रोल भरायलासुद्धा थांबलो नाही. आणि त्यांनी गल्लीदेखत..." तो थांबला. पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला. "जूनमध्ये त्यांच्या गाडीत बसायचं आणि साऱ्या क्लबाला दाखवायचं की पोराची अक्कल शेवटी ठिकाणावर आली, बापाच्या चाकांवर आला. ते मला जमणार नाही. त्यापेक्षा कुत्रा बसवा."

मार्गोने हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. तिची बाजू बदलली होती, हे सगळ्यांना दिसलं.

पिपने भावाकडे पाहिलं. त्याची हनुवटी अगदी बाबांसारखी थरथरत होती. आणि मग तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. हा नाचेल म्हणे! हा कुठला नाचतोय?

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "त्या चाकांवरचा रंग निघालाय. खाली क्रोम आहे."

"काय?"

"हुश्श!" नॉर्मनने सुरी-काटा खाली टाकला. "फुटलो असतो मी अजून पाच मिनिटांत! क्रोम आहे, क्लाइव्ह. अस्सल, जुनं, जाड. पाचही चाकांना. तुम्ही टेबलाशी बसेपर्यंत मी सगळी खरवडून बघितली."

*

आता जेवणाकडे कुणाचं लक्ष राहणार? क्लाइव्ह उठून गॅरेजात गेला, त्याच्यामागे मार्गो, मागे पिप. नॉर्मन ताटात एक बटाटा उरला होता तो हातात घेऊन गेला. म्युरिएल एकटी राहिली. तिने ताटं उचलली, जेवणानंतरचा गोड रुबार्बचा क्रम्बल ओव्हनमधून काढला, कस्टर्ड शेगडीवर ठेवलं. खिडकी उघडी होती आणि अंगणापलीकडचे आवाज स्पष्ट येत होते.

"आधीच्या मालकाने रंगवली असतील," मार्गो म्हणत होती.

"आधीचा मालक डॉक्टर होता," पिपचा आवाज. "बाबांनी अडुसष्टला त्याच्याकडून घेतली. डॉक्टर कशाला क्रोमवर रंग फासेल?"

"मग बाबांनी?" हा क्लाइव्ह. "म्हणजे क्रोमची चाकं घेतली आणि स्वतःच रंगवली? का?"

"थांबा, थांबा. मला मोजू दे." नॉर्मन थर सोलत असणार. "इथे कोपऱ्यात त्याची खरवडणी पोचलेली नाही. वरचे सगळे चाकांचेच रंग, चांगल्या जातीचे. पण हा सगळ्यात खालचा बघा. जाडजूड, ब्रशचे ओघळ तसेच. हा चाकांचा रंगच नाही! हा घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला लावायचा रंग."

"शक्य नाही," पिप म्हणाली. "बाबांनी चाकाला रेडिएटरचा रंग? त्यापेक्षा त्यांनी कस्टर्ड फासलं असतं."

"तेच तर म्हणतोय मी. हा पहिला हात डेझमंडचा नाही."

कस्टर्डला उकळी आली. म्युरिएलने ते खाली उतरवलं नाही. तिला त्रेपन्न वर्षांमागचा तो ब्रश हातात जाणवत होता. बोलायचं नसेल तर नाही बोललं तरी चालण्यासारखं होतं. डेझमंड गेला, ज्यांनी पाहिलं ते शेजारीही गेले. पोरं थोडा वेळ तर्क लढवतील, मग क्रम्बल खातील. पण क्लाइव्ह 'त्यांना दाखवायला आणली होती' म्हणाला तेव्हाचा त्याचा आवाज तिच्या कानातून जात नव्हता. पस्तीस वर्षं तिचा समज होता की ते बापलेकांचं भांडण आहे, आपला त्यात संबंध नाही. आणि आता तिला भीती वाटत होती की आहे.

तिने गॅस बंद केला, ॲप्रन न काढताच अंगण ओलांडलं आणि गॅरेजच्या दारात उभी राहिली.

"पहिला हात माझा आहे," ती म्हणाली.

चौघांनी वळून पाहिलं.

"एकाहत्तर साली. आपण तेव्हा कॉव्हेंट्रीत, कामगारांच्या एकाला एक लागून असलेल्या घरांत राहत होतो. कारखान्यात संप चालू होता. तुझ्या बाबांना नुकतंच फोरमन केलेलं, म्हणजे ते संपात नाहीत. बाकी सगळी गल्ली संपावर. शेजारणींच्या घरात मुलांना उकडलेले बटाटे आणि मीठ, आणि हा माणूस दर रविवारी रस्त्यावर बसून ती चाकं पुसणार. लख्ख करणार. लहान मुलासारखा खूश असायचा गं! त्याला दिसतच नव्हतं. बेकरीत माझ्याशी कुणी बोलेना. मी आले की रांग गप्प. एकदा क्लाइव्हच्या टोपीत कुणीतरी थुंकून ठेवलं. पाच वर्षांचं पोर." ती थांबली, श्वास घेतला. "मी त्याला म्हटलं, आत पूस, गॅरेज भाड्याने घे, काहीही कर. तो हसला. मग तो दोन दिवस हेरफर्डला आईकडे गेला. रेडिएटरसाठी आणलेला रंग उरला होता. घेतला ब्रश आणि फासला."

"घासलं नाहीस आधी?" नॉर्मनने विचारलं. त्याला राहवलंच नाही.

"मला काय माहीत घासायचं असतं? मी काय चाकं बांधत होते?"

"आणि बाबा?" पिपने विचारलं. "बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. आला, गाडीभोवती एक फेरी मारली. मी खिडकीतून बघत होते. आत आला आणि म्हणाला, चहा झाला का? बस. पुढच्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, चाकांना काय झालं रे? तर म्हणाला, मीच रंगवली, क्रोम म्हणजे दिखाऊपणा. मला वाटलं, टोमणा मारतोय. पण तो तेच बोलत राहिला. क्लबात, चर्चमध्ये, तुमच्यासमोर. दहा वर्षं, वीस वर्षं. मग मलाही वाटायला लागलं की याला खरंच तसं वाटतं."

क्लाइव्ह ठोकळ्यावरच्या गाडीला टेकून उभा होता. "आणि माझी गाडी आली तेव्हा?"

"तेव्हाही मला वाटलं, त्याला खरंच आवडत नाही."

"तू एक शब्द बोलली असतीस, आई! एक शब्द! 'याच्यासुद्धा चाकांखाली क्रोमच आहे.' एवढंच! तीन वर्षं मी या घराची पायरी चढलो नाही. आजी वारली तेव्हा मी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलो, पाहुण्यासारखा!"

"हो," म्युरिएल म्हणाली. "बोलायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. मी बोलले असते तर त्याच्याही तोंडून निघालं असतं की मी काय केलं होतं. त्याने झाकलं होतं, ते मी झाकलेलंच ठेवलं. त्याची किंमत तू दिलीस. मला माफ कर, क्लाइव्ह."

मार्गोने डोळे पुसले. पिपला काय करावं कळेना म्हणून ती दिवा धरूनच उभी होती, दिवसाढवळ्या.

नॉर्मन मात्र कपाळ चोळत होता. "थांबा हं," तो म्हणाला. "म्हणजे त्याची ती 'ती' तू होतीस, म्युरिएल?"

"कोण ती?"

"अरे देवा. पस्तीस वर्षं मी मूर्खासारखा..." तो क्लाइव्हकडे वळला. "एकोणनव्वद साली तू त्या एमजीचं चाक फुटपाथला ठोकलंस, आठवतं? भांडणानंतर आठ-दहा दिवसांनी. गाडी माझ्याकडे टाकून गेलास आठवडाभर."

"आठवतं. तुम्ही सरळ करून दिलं. वर चारही चाकं आरशासारखी पुसून दिलीत. मी तुमचे आभार मानले होते."

"आणि मी मेल्याने ते घेतले! मी कधी कुणाची चाकं पुसलीत? डेझमंड यायचा. शिफ्ट सुटली की थेट माझ्याकडे. कोट काढून खाली बसायचा, फडकं घेऊन. रोज एक चाक. एकेक स्पोक, साठच्या साठ. चार संध्याकाळी आला. पहिल्या दिवशी मी म्हटलं, अरे, पोराला हाकललंस आणि आता इथे त्याची चाकं पुसतोस? तर म्हणाला, 'नॉर्मन, काय सुंदर चाकं आहेत रे ही. पोराची नजर चांगली आहे.' मी म्हटलं, मग सांग ना त्याला! म्हणाला, 'ती दारात उभी राहिली तर रोज तिच्या डोळ्यांसमोर राहतील. तिला ते नको.' मला वाटलं गाडीला म्हणतोय. ट्रायम्फला! म्हटलं, याचं डोकं फिरलं. आणि त्याने मला शपथ घातली. आयुष्यात तेवढी एकच पाळली मी, आणि तीच मोडायला हवी होती."

म्युरिएलने दाराची चौकट धरली.

"चार संध्याकाळी?" क्लाइव्हने विचारलं.

"चार."

"माझी नजर चांगली आहे म्हणाले?"

"याच शब्दांत."

क्लाइव्ह खाली बसला. गॅरेजात बसायला दुसरं काही नव्हतं, तो पिपच्या बादलीवरच बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. पंचेचाळीस साली युद्ध संपल्यापासून कुणी ब्रॅडवेल पुरुष कुणाच्या देखत रडल्याचं त्या कुटुंबात ऐकिवात नव्हतं. कुणी त्याला गप्प केलं नाही. पिपने दिवा बंद केला आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तिलाही बापाचा राग येत होता, हसूही येत होतं. इतक्या वर्षांची ती प्रवचनं, आणि सगळी एका बाईचा रेडिएटरचा रंग झाकायला!

बऱ्याच वेळाने नॉर्मनने घसा खाकरला. "मला वेळकाळ कळत नाही, माहीत आहे. पण उद्या सकाळी फोन करायचाय. कागदावर काय लिहू?"

मार्गोने पिपकडे पाहिलं, पिपने नॉर्मनकडे.

"क्लाइव्हला विचारा," पिप म्हणाली. "गाडीचं बाकी सगळं मी ठरवते. चाकं तो ठरवेल."

नॉर्मनने पेन्सिल पुढे केली. क्लाइव्हने रुमालाने नाक पुसलं, पेन्सिल घेतली, कागद गुडघ्यावर सरळ केला. कागदावर दोन चौकोन होते, एक रंगाचा, एक क्रोमचा. तो क्रोमच्या चौकोनावर वाकला आणि थांबला. मान वर करून त्याने आईकडे पाहिलं.

"आई, दारात उभी राहतील ती. जूनमध्ये, आणि नंतरही. रोज दिसतील. तुला चालेल?"

साऱ्या संसारात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. म्युरिएल दोन पावलं आत आली.

"चालेल," ती म्हणाली. "आणि पुसायला मी बसणार. बाहेर, रस्त्यावर. कुणाला बघायचंय त्याने बघावं."